भाव न करणारे गिऱ्हाईक

सोलापुरात टॉवेल घेताना जो माणूस दुकानदाराने सांगितलेला पहिला भाव मुकाट्याने देतो, तो एक तर परगावचा असतो, नाहीतर त्याला टॉवेल नकोच असतो. ज्या प्रकरणात हे मला कळले, ते निवृत्तीनंतरही डोक्यातून गेलेले नाही. गेल्या दिवाळीत भाच्याशी वाद झाला आणि सगळे पुन्हा वर आले.

भाचा परदेशात नोकरी करतो. त्याच्या शहरात गांजा दुकानात मिळतो, वर पावतीही मिळते. जेवताना तो म्हणाला, "मामा, आपल्याकडंही हे उघडं करून टाकायला पाहिजे. दारू चालते, तंबाखू चालते, मग ह्यालाच काय झालं? खिशात पुडी सापडली की पोराच्या नावावर गुन्हा. त्यानं कुणाचं भलं झालं?"

माझा राग पोलीस खात्यात प्रसिद्ध होता. मी हातातला घास खाली ठेवला. बायकोने भाकरी वाढता वाढता माझ्याकडे असे पाहिले की मी तो पुन्हा उचलला. पण हात धुताना मनाशी कबूल करावे लागले की पोरगा निम्मे बरोबर बोलतो आहे. उरलेले निम्मे मला एका चादरवाल्याने आणि एका तरुणाने शिकवले. त्या दोघांचे आभार मी कधी नीट मानले नाहीत, म्हणून हे लिहितो आहे. नाव कुणाचेच देत नाही.

मी खात्यात शिपाई म्हणून लागलो. वडील मार्केट यार्डात हमाली करत, आई भाजी विकायची. तिच्या पाटीशेजारी बसून मी माणसे वाचायला शिकलो. पुढे खात्याच्या परीक्षा देत सहायक निरीक्षक झालो. वर कुणाचा हात नव्हता. तेव्हा ज्या ठाण्यात होतो, त्याच्या हद्दीत टॉवेल-चादरींच्या दुकानांची एक रांग होती.

एका सकाळी हजेरी आटोपून ठाणे अंमलदाराच्या टेबलाशी उभा असताना त्या रांगेतला एक चादरवाला आला.

"साहेब, तक्रार हाय."

"काय चोरीला गेलं?"

"काय न्हाय. माज्या शेजारच्या टॉवेलवाल्याचं गिऱ्हाईक भाव करत न्हाय."

ठाणे अंमलदार लिहिता लिहिता हसला. "मग तूबी तसलंच गिऱ्हाईक बघ की."

"हसू नका, हवालदार. माजा जल्म गेला ह्या धंद्यात. बाई येती, चादर उलगडती, उजेडात धरती, निम्म्या भावाला मागती, उठून जाती, परत येती. आन त्याच्याकडं पोरं येत्यात, लाल काठाचा एक नॅपकीन घेत्यात, तो म्हणंल तेवढं देत्यात. घडीसुदिक मोडत न्हाईत. असला कुटं धंदा असतोय व्हय? चोरीचा माल असंल, न्हाईतर माजं गिऱ्हाईक फोडायचा डाव असंल."

खबर देणारा माणूस निर्मळ मनानेच येतो असे नाही. हा मत्सराने आला होता आणि त्याचा अंदाजही चुकला होता. पण मत्सराने पाहणारा माणूस फार बारीक पाहतो. ठाणे अंमलदार अजून हसत होता, मला मात्र आईची पाटी आठवत होती. न बोलता पैसे टाकून जाणाऱ्या गिऱ्हाईकाची आई नोट उलटून पालटून बघायची.

पुढचे काही दिवस दुपारी मी साध्या कपड्यांत चादरवाल्याच्या गादीवर जाऊन बसू लागलो. नुसते बसलो असतो तर शेजाऱ्याला संशय आला असता, म्हणून भाव करत बसायचो. चादरवाला सुरुवातीला नाटक म्हणून भांडायचा, नंतर खरोखर भांडू लागला. "साहेब, एवढ्यात तर सूतबी येत न्हाय," असे तो एकदा कळवळून बोलला आणि 'साहेब' म्हटल्याबद्दल त्याने जीभ चावली. शेजारी मात्र सगळे त्याने सांगितले तसेच चालले होते. पोरे येत होती, घडी न मोडता नॅपकीन घेऊन जात होती. त्यांतला एक सडपातळ तरुण पुन्हा पुन्हा दिसायचा. एवढ्या लवकर नॅपकीन कोण झिजवतो?

अमली पदार्थांच्या कायद्यात घाई चालत नाही. मिळालेली माहिती आधी लेखी नोंदवून वरिष्ठांना कळवावी लागते, पंच घ्यावे लागतात, अंगझडतीपूर्वी समोरच्याला त्याचा हक्क समजावून सांगावा लागतो. एक पायरी चुकली की कोर्टात सगळे प्रकरण ढासळते. आम्ही एकही चुकू दिली नाही. तो तरुण नॅपकीन घेऊन वळला आणि आम्ही दोघांनाही जागेवरच धरले. घडीत गांजाची पुडी निघाली. दुकानात आणखी थोड्या पुड्या मिळाल्या, पण साठा नव्हता.

टॉवेलवाला मुरलेला होता. "मी टॉवेल विकतो. घडीत कोण काय ठेवून गेलं, मला काय ठाऊक?" एवढे सांगून त्याने वकील मागितला आणि तोंड बंद केले. साठा कुठे आहे हे कळले नसते, तर आठवड्यात दुसऱ्या कुठल्या दुकानात पुड्या सुरू झाल्या असत्या.

उरला तो तरुण. चादरींची डिझाइने संगणकावर काढायचे त्याचे काम. शर्टाची बटणे एक घर सोडून लावलेली. खोलीत आल्यापासून तो वर पंख्याकडे बघत होता.

"साहेब, तेवढा पंखा बंद करा. माजं नाव घेतोय."

बाहेर बाकावर त्याची आई येऊन बसली होती. घरात ते तेलुगू बोलत. ती त्याला 'नान्ना' म्हणायची, बाळा म्हणतात तसे. आधी तिच्याशी बोललो.

"पहिलं लई हसायचा," ती म्हणाली. "म्हणायचा, ह्यानं डोकं चालतं, डिझाइन भारी सुचतात. आणि तेव्हा काढायचाबी चांगली, खोटं का बोलू? मग जेवताना ताटाकडं बघत बसायला लागला. शेजारच्या शेडमधले माग मला शिव्या देतात म्हणायचा. कानात कापूस घालून झोपतो. साहेब, माझ्या पोराला चोर म्हणा, काय पण म्हणा, पण ते आवाज तेवढे बंद करा."

माझी चौकशीची पद्धत आवाज चढवायची. इथे तिचा उपयोग नव्हता, हा पोरगा आधीच नको तेवढे आवाज ऐकत होता. मी पंखा बंद केला, चहा मागवला.

"नॅपकीन केवढ्याला घेतलास?"

"तो म्हणेल तेवढ्याला."

"आधी पण तेवढाच होता?"

"न्हाय. वाढवत गेला."

"कमी कर म्हणालास का कधी?"

त्याने माझ्याकडे असे पाहिले, जणू मी भलतेच काही विचारले. "आणि तो न्हाय म्हणला असता, तर मी कुटं जाणार होतो?"

गिऱ्हाईक उठून जाऊ शकते, हीच त्याची ताकद असते. निम्म्या भावाला मागून उठणारी बाई म्हणून तर दुकानदाराला पुरून उरते. या पोराचे उठणेच कुणीतरी काढून घेतले होते.

बोलता बोलता त्याने टेबलावरचा एक रिकामा नॅपकीन मांडीवर पसरला. त्याच्या आधीच्या खरेदीतले हे नॅपकीन आईने घरून आणून दिले होते. काठावरून अंगठा फिरवत तो एका जागी थांबला.

"हा काठ चुकलाय."

"म्हणजे?"

"हितं एक दोरा सुटतोय. परत हितं. सगळीकडं तेवढ्याच अंतरावर." त्याने दुसरा नॅपकीन ओढला. त्याचा आवाज बदलला होता, कामातल्या माणसासारखा झाला होता. "ह्यातबी तसंच. हा माग मला माहीत हाय. मीच मालकाला सांगितलं होतं, दुरुस्त करून घ्या म्हणून. पण ते शेड तर बंद पडलंय की. मग नवा नॅपकीन कसा काय निघतोय?"

आम्ही पुड्या पंचांसमक्ष सील केल्या होत्या. नॅपकिनाकडे कुणी पाहिले नव्हते.

मी वरिष्ठांच्या केबिनमध्ये गेलो. त्यांचा विचार सरळ होता, दोघे सापडले, दोघे आरोपी. कायद्याने तेही चुकीचे नव्हते, कारण ओढणाराही गुन्हेगारच ठरतो. पण त्याच कायद्यात अशीही सोय आहे की थोडा माल बाळगलेला व्यसनी माणूस स्वतःहून उपचाराला तयार झाला, तर त्याला खटल्यातून सूट मिळू शकते. निर्णय कोर्टाचा, पण आमचा अहवाल तसा हवा.

"साहेब, साठ्याची जागा कळली आहे. पोरगा उपचाराला तयार आहे. अहवालात तसं लिहू या."

"तू मला अटी घालतोस?"

"अटी नाही साहेब, भाव सांगतोय. आणि यात कमी होणार नाही."

माझा आवाज केबिनबाहेर गेला होता, असे नंतर शिपायाने सांगितले. वरिष्ठांनी टेबलावरचा पेपरवेट गरकन फिरवला. मग म्हणाले, "अहवाल तुझ्या मनासारखा. छापा दुसरं पथक घालेल."

मी मान्य केले. कागदोपत्री बंद दाखवलेल्या त्या शेडमध्ये एकच माग चालवला जात होता, म्हणजे सुताच्या नावाखाली पोत्यांची ये-जा कुणाच्या डोळ्यांवर येऊ नये. सुताच्या कचऱ्याखाली राज्याबाहेरून आणलेल्या गांजाची पोती निघाली. टॉवेलवाल्याला आणि शेड चालवणाऱ्याला पुढे शिक्षा झाली.

वर्तमानपत्रात फोटो आला तो जीपमधून शेवटच्या क्षणी उतरलेल्यांचा. प्रशस्तिपत्रेही त्यांनाच. मला नियंत्रण कक्षात पाठवले. कारण कागदावर काहीही असो, खरे कारण वरिष्ठांशी बोलण्याची माझी पद्धत. तो राग अजून गेलेला नाही आणि गेला असे मी दाखवणारही नाही. प्रशस्तिपत्रासाठी भिंतीवर मी एक खिळा ठोकून ठेवला होता. बायकोने त्यावर कॅलेंडर लावले. एवढे मात्र खरे की त्या अहवालावर सही त्याच वरिष्ठांनी केली. ती केली नसती तर पुढचे काहीच घडले नसते. त्याबद्दल मी त्यांचाही आभारी आहे, मनातल्या मनात.

कोर्टाच्या परवानगीने पोरगा सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात दाखल झाला. तिथल्या डॉक्टरीण बाईंना मी विचारले, "गांजानं सगळ्यांचंच असं होतं का?"

"नाही," त्या म्हणाल्या. "कितीतरी लोक वर्षानुवर्षं ओढतात आणि त्यांना आवाज येत नाहीत. काहींच्या डोक्याला तो सहन होत नाही. कमी वयात, रोज आणि जोरकस ओढला तर धोका वाढतो. पण कोण त्यातला आहे, हे कपाळावर लिहिलेलं नसतं."

तो एका फटक्यात बरा झाला नाही. मध्ये एकदा घसरला. त्याची आई मला शोधत नियंत्रण कक्षापर्यंत आली आणि आम्ही दोघे त्याला पुन्हा दवाखान्यात घेऊन गेलो. या वेळी गाडीत तो स्वतः पुढे होऊन बसला. गोळ्या चालू राहिल्या, हळूहळू माग त्याच्याशी बोलायचे थांबले.

हे सगळे मी दुसऱ्या दिवशी जेवताना भाच्याला सांगितले. तो म्हणाला, "मग मामा, मीही तेच म्हणतोय. ह्याला तुरुंगात टाकून काय झालं असतं?"

"काहीच नाही. तेवढं तुझं बरोबर," मी म्हणालो. "पण तू म्हणतोस दुकान उघडा, ज्याला हवं तो घेईल. घेईल, पण नको झालं तर उठून जाईल का? जो जाऊ शकतो त्याची मला चिंता नाही. जो जाऊ शकत नाही, त्याचाच भाव दुकानदार वाढवत नेतो, मग पावती देणारा असो की नॅपकिनात घडी घालणारा. आधी त्याच्यासाठी दवाखाने काढा, पोराला आरोपी न करता तिथं पोचवायची सोय करा. मग दुकानाचं बोलू."

भाच्याला पटले असे नाही, पण या वेळी मीही घास खाली ठेवला नव्हता.

परत जाण्यापूर्वी त्याला चादरी घ्यायच्या होत्या. मी त्याला एका लहान दुकानात नेले. स्वतःची डिझाइने विणून घेऊन ती विकणारा दुकानदार आता चाळिशीकडे झुकला आहे, शर्टाची बटणे नीट लावतो. भाच्याने मोरांची एक चादर निवडली. मी काठ तपासला, उजेडात धरली आणि निम्म्या भावाला मागितली.

"न्हाय परवडत, साहेब."

"अरे, मला ओळखतोस ना?"

"ओळखतो म्हणून तर चहा सांगितलाय. भाव तोच."

मी थोडे वाढवले. तो मान हलवत राहिला. मग मी चप्पल घातली आणि भाच्याला घेऊन चालू लागलो. कोपऱ्यापर्यंत कान मागे ठेवून गेलो. आईच्या पाटीवर वाढलेला माणूस मी, या टप्प्यावर हाक येतेच. आली नाही. वळून पाहिले तर तो शांतपणे चादरीची घडी घालत होता.

भाचा म्हणाला, "मामा, हा काय कमी करत नाही."

"नाही करत," मी म्हणालो आणि परत जाऊन त्याने सांगितलेला पूर्ण भाव मोजला. आतापर्यंत कुठल्या दुकानदाराला पैसे देताना मला इतके बरे वाटले नव्हते.