सांडलेल्या चहाची शिडी

टेबलावर चहा सांडला की हा माणूस फडकं शोधायचा नाही. त्या ओल्यात बोट बुडवून शिडी काढायचा. "खाली तालुका, वर जिल्हा, वर हायकोर्ट, वर सुप्रीम. जगात कुठेही जा, शेवटी शिडीच आहे रे."

असा एखादा तुमच्याही ऑफिसात असेल. बहारीनमधल्या आमच्या हिद्दच्या गोदामात हा स्टोअरकीपर होता आणि मी ड्रायव्हर. तरुणपणी रत्नागिरीला एका वकिलाकडे काही दिवस टायपिंग केलेलं, तेवढ्या अर्ध्या हळकुंडाने जन्मभर पिवळा. कोणाचा व्हिसा अडको, कोणाच्या गावी बांधावरून भांडण होवो, हा बोट ओलं करून तयार. लोक मागे त्याला जजसाहेब म्हणायचे. मी तोंडावर म्हणायचो, आणि त्याला तो मान वाटायचा.

मुलगी अमेरिकेत दिली तेव्हापासून तर विचारू नका. नवरा यानेच पसंत केलेला, वरच्या पायरीचा म्हणून. तो निघाला भलताच. घटस्फोट झाला, आणि ती राहायची त्या राज्याच्या कोर्टाने छोट्या नातीचा ताबा बापाकडे दिला.

ही नात पूर्वी आमच्या सकाळच्या चहाला फोनवर दिसायची. मराठी कळायचं, उत्तर इंग्रजीत. इथला एकच अरबी शब्द तिने याच्याकडून उचललेला, 'चला' अशा अर्थाचा. "यल्ला, आजोबा," म्हणून फोन ठेवायची. तेवढा वेळ हा माणूस माणसासारखा दिसायचा, एवढं मी मान्य करतो.

आता मुलगीच फोन करायची. हा स्पीकर लावायचा, आम्हाला ऐकू जावं म्हणून.

"बाबा, वकीलबाई म्हणतात, याच राज्याच्या वरच्या कोर्टात अपील करू. मुदत थोडी आहे."

"ज्यांनी पोर काढून घेतली, पुन्हा त्यांच्याच दारात? फेडरल कोर्टात जा. फेडरल म्हणजे केंद्र. केंद्र वर असतं."

"इथे तसं नाहीये. राज्याची कोर्टं वेगळी, फेडरल वेगळी. बाजूबाजूची दोन घरं आहेत, दोघांचे जिने वेगळे. मुलांचा ताबा राज्याच्याच घरात ठरतो."

"तुझी वकीलबाई काल शिकून आली. मी कोर्टात आयुष्य काढलंय."

उंटावरून शेळ्या हाकणारे पुष्कळ पाहिले, पण हा बहारीनमध्ये बसून अमेरिकेतल्या हाकत होता. मी म्हटलं, "जजसाहेब, ती तिथे राहते. तिचं ऐका की."

"तू गाडी चालव," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मुलीने रडत रडत पुन्हा तेच सांगितलं. याने पुन्हा टेबलावर शिडी काढली, फोनमधून तिला दिसणार नव्हती तरी. शेवटी पोरीने ऐकलं. नवराही तिने ऐकूनच केला होता. वकीलबाई बाजूला झाली आणि हिने स्वतःच फेडरल कोर्टात दावा लावला. त्या दिवसांत गोदामात हा असा चालायचा, जणू निकाल यालाच लिहायचाय.

फेडरल कोर्टाने सांगितलं, हे घरगुती प्रकरण, राज्याचं काम, आमचं नाही. पोरगी धावत राज्याकडे परतली, तर अपिलाची मुदत खलास. नात बापाकडेच राहिली, आणि बापाने आजोबांचे फोन बंद केले.

मुलगी अजून फोन करायची. पण काही विचारायची नाही. "जेवलात ना? बरे आहात ना?" झालं. स्पीकर लावण्यासारखं त्यात काही उरलं नव्हतं.

वर्षअखेर तो कायमचा गावी निघाला. शेवटच्या दिवशी आम्ही चहाला बसलो, आणि कोणाचा तरी धक्का लागून चहा सांडला. सगळे त्याच्या बोटाकडे बघायला लागले. त्याने खिशातून रुमाल काढला आणि टेबल पुसायला घेतलं.

"बाजूबाजूची दोन घरं," तो म्हणाला. "दोनदा सांगितलं होतं तिने."

मला दया यायला हवी होती. आली नाही. दया मी त्या पोरीसाठी राखून ठेवली आहे. विमानतळावर सोडायचं होतं, मी किल्ली उचलली आणि सवयीने म्हणून गेलो, "यल्ला."

टेबल कोरडं झालं होतं. तो पुसतच राहिला.