करवंदाचा डाग

कोंडामावशी गेल्या, हे त्यांच्या मुलानं दारातूनच सांगितलं. मी दाणे मोजत होतो. त्रेसष्टावर होतो... पुढचा आकडा काही केल्या आठवेना. त्याला आता दीड महिना झाला.

पाचवीत शाळा सुटली आणि ऐन महायुद्धाच्या दिवसांत मी सांगोल्याकडून कर्जतला आलो. ओळखीचं कुणी नाही. भाताचं बियाणं तपासायच्या सरकारी खोलीत कसाबसा चिकटलो. शंभर दाणे सोलून, ओले करून पांढऱ्या बशीत मांडायचे आणि भिंतीवरच्या चित्राशी ताडून एकेकाला रोगाचा आकडा द्यायचा. स्वच्छ दाण्याला शून्य, पुरत्या काळवंडलेल्याला पाच. बेरीज फार झाली की ते बी पेरायचं नाही. मावशी दहिवलीच्या, त्यांना लिहिता येत नव्हतं. त्या दाणा बघून आकडा बोलायच्या, मी लिहायचो. "लिव रं मास्तर," म्हणायच्या. पाचवीतून पळालेला मास्तर!

एका वैशाखात त्या तापानं घरी होत्या. खालापूरकडच्या एका गावानं मिळून राखलेलं बी एक म्हातारा बैलगाडीतून घेऊन आला. मी एकट्यानं मोजलं. तीन, चार, चार... साहेबांनी माझ्या कागदावर सही केली: पेरू नये. निदान भरडून खायला तरी होईल म्हणून म्हाताऱ्यानं गाडी गिरणीकडं वळवली.

दुपारी मावशी अंगात कणकण घेऊनच आल्या. एका गावाच्या बियाण्याची गाडी नापास होऊन गेली, एवढं मी सांगितलं. बशीतला एक दाणा त्यांनी नाकाशी नेला, नखानं खरवडला. डाग निघून आला.

"मास्तर, हात दाव."

बोटं जांभळी होती. सकाळी वाटेत करवंदं खात आलो होतो.

"रोग आत ऱ्हातो रं. यो वरचा हाय. गाडी कुठं गेली?"

"गिरणीवर... मावशी, माझी नोकरी जाईल. गावी कुठल्या तोंडानं जाऊ?"

"तुजं एक तोंड. त्यांच्या गावात किती हायत? पळ!"

पळालो. गिरणीत पोती उतरली होती, एकाचं तोंड सुटलं होतं. धापेनं शब्द फुटेना, म्हणून पोत्यावर आडवाच पडलो. गिरणीवाला ओरडला, "ऊठ रं! हितं मानूस भरडून मिळत नाय!"

पोती परत आणली तेव्हा साहेबांसमोर माझ्याआधी मावशीच बोलल्या, "आमी दोगांनी मोजलं साएब. चुकलं." त्या सकाळी कामावर नव्हत्या, हे साहेबांना पक्कं माहीत होतं. तरी ते एवढंच म्हणाले, "हात धुवा. पोत्यातले नवे दाणे घेऊन माझ्यासमोर पुन्हा मोजा." मावशी बोलत गेल्या. शून्य. शून्य. एक. शून्य... शंभर दाण्यांची बेरीज थोडीच भरली. म्हातारा बी घेऊन परत गेला. जाताना त्यानं माझ्याकडं बघितलं नाही, आणि त्यात त्याचं काही चुकलं नाही. माझी नोकरी राहिली.

दुसऱ्या दिवशी खिडकीत राखेनं भरलेली करवंटी आली. रोज सकाळी मावशी मला राखेनं हात घासायला लावत आणि मग माझ्या बोटांचा वास घेत. मी बाप झालो तरी घेत.

परवा करवंटी रिकामी दिसली. घरून चुलीतली राख आणून भरली. हात घासले, धुतले... आणि सवयीनं पुढं केले. बराच वेळ ते तसेच राहिले.