झेंडावंदनाला न येणारे मामा

भोईवाड्यातल्या आमच्या चाळीखाली एक इस्त्रीवाले मामा बसतात. कपडा हातात घेतला की आधी तो उजेडाकडे धरून डाग शोधतात. महाराष्ट्र दिनाचा झेंडा दरवर्षी तेच इस्त्री करून देतात, पण झेंडावंदनाला येत नाहीत. सगळे अंगणात जमले की ते गेटबाहेर उभे राहतात.

यंदा मी विचारलंच, "मामा, आत का येत नाही?"

"आमचं गाव बेळगावकडं, ताई. राज्य झालं तवा आमी पलीकडंच राहिलो की. तुमच्या सणात कसं यायचं?"

मी आईला सांगितलं. यंदा झेंडा फडकवायचा मान तिचा होता. ती तडक गेटपाशी गेली.

"मामा, माझा खांदा धरलाय. दोरी तुम्हीच ओढा."

सकाळीच तिने भरलेली कळशी त्याच खांद्यावर सहज उचलून आणली होती.

मामांनी चपला काढल्या. मग ते आत आले आणि त्यांनी दोरी ओढली. टाळ्या वाजल्या. मामांनी बाजूला होऊन गावाकडच्या थोरल्या भावाला फोन लावला.

"आण्णा," ते हळूच म्हणाले, "आज मी आत हाय."