सात नंबरची चीर

गोडदेवच्या लवू भुवडला तडे शोधायची खोडच होती. कुणाकडे चहाला गेला की आधी कपाचा कान बघणार, मग यजमानाचं तोंड. सोसायटीतल्या झोपाळ्याची कडी चाचपल्याशिवाय पोरांना बसू देणार नाही. बायको आशा म्हणायची, मला बघायला आला तेव्हाही ह्याच्या खिशात भिंग असणार. लवू हसायचा, पण नाही म्हणायचा नाही.

भाईंदर पूर्वेला लोखंडी टाक्या बनवणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये तो वेल्डिंग तपासायचा. आधी तिथलाच वेल्डर. डोळे चुरचुरायला लागले तेव्हा मालक अल्पेशशेठनी त्याला कोर्स करायला लावून हे काम दिलं. जोडावर लाल रंग मारायचा, थोडा वेळ मुरू द्यायचा, स्वच्छ पुसायचा आणि वर पांढरी पावडर फवारायची. तडा असला तर आत मुरलेला रंग पावडर ओढून घेते आणि लाल रेघ उमटते. एवढीच करामत. पण रेघ दिसली की लवूचे प्रश्न सुरू व्हायचे. ही निघाली कुठून, चाललीय कुठे, थांबली की अजून चालतेय? इतर वेल्डर त्याच्या भिंगाला वचकून असत आणि त्याच्या बढाईला कंटाळलेले. तिथे प्रत्येक वेल्डर आपल्या जोडाशेजारी आपला आकडा ठोकतो. लवूचा सात. सात नंबरचा एकही जोड कधी फुटला नाही, हे तो आल्यागेल्याला ऐकवायचा.

ही गोष्ट २००६ च्या दसऱ्याची. वर्कशॉपमधल्या पूजेचा मान बबन फिटरचा. क्रेनचा आडवा हात खांबाला जिथे जोडलाय, ती जागा तो दरवर्षी आदल्या संध्याकाळी घासूनपुसून चुन्याने पांढरी करायचा आणि सकाळी तिथे तेलात कालवलेल्या शेंदराचा टिळा लावायचा. गावी देवळीला करतात तसं. त्या सकाळी सगळे जमले, तर टिळा लागायच्या आधीच चुन्यावर बारीक तांबूस रेघ आलेली. जेमतेम चार बोटं लांब.

बबन म्हणाला, कुणीतरी घाईत शेंदराचं बोट फिरवलंय. त्याने फडक्याने रेघ पुसली आणि वर पुन्हा चुना ओढला. आरती झाली, पेढे वाटले, एकमेकांना सोनं दिलं. माणसं घरी निघाली. लवू मात्र शिडीवर चढून बसला होता, कारण रेघ परत आली होती. त्याच जागी, तेवढीच. बोटाची रेघ पुसल्यावर परत येते होय? म्हणजे गेल्या वर्षीच्या टिळ्याचं तेल कशात तरी मुरून राहिलं होतं आणि चुना ते वर ओढत होता. जी तपासणी शिकायला लवूला कोर्स करावा लागला, ती बबन दरसाल भक्तिभावाने करत होता आणि उत्तर पुसून टाकत होता. लवूला याची इतकी गंमत वाटली, की तो एकटाच हसला.

मग त्याने चुना खरवडला आणि त्याचं हसू गेलं. जोडाशेजारी सात ठोकलेला होता.

बारा वर्षांपूर्वीचा जोड. आकड्यावर रंगाचे आणि चुन्याचे थर चढलेले, कुणाला आठवतही नव्हता. उद्या याच क्रेनने तीन टनांची टाकी ट्रकवर चढायची होती आणि टाकी धरायला खाली बबन आणि दोघे उभे राहणार होते. सांगावं, तर आयुष्यभर मिरवलेलं नाव गेलं. गप्प बसावं, तर उद्या कदाचित काही होणारही नाही. त्याला लाज वाटली, भीतीही वाटली. पण तडा खोल किती, हा प्रश्न त्याला दोन्हींपेक्षा जास्त छळत होता. त्याने बारीक ग्राइंडर लावला. एक मिलिमीटर घासून पुन्हा रंग, पुन्हा पावडर. रेघ होतीच. तीन मिलिमीटरलाही होती, आणि उलट लांब झाली होती.

तो खाली उतरला आणि अल्पेशशेठना म्हणाला, क्रेन बंद ठेवा.

"लवूभाई, टाकी उद्या निकलनी चाहिए. इतने साल चला, एक दिवस नाही चालणार?"

"तडा वाढतोय, शेठ. जोड माझा आहे. मीच सांगतोय, ह्याच्याखाली माणूस उभा करू नका."

शेठनी भाड्याची क्रेन मागवायला फोन उचलला.

जोड कापून काढला, तेव्हा लवूने त्यातला तुकडा शिकंज्यात धरून फोडला. आतला निम्मा भाग जुना, काळपट, म्हणजे आधीच फुटलेला. निम्मा ताजा, चकचकीत, आत्ता फुटलेला. काळं बघताच त्याला ती दुपार आठवली. वीज गेलेली, वेल्डिंगचे रॉड तापवून सुकवायची भट्टी थंड आणि काम उरकायची घाई. ओलसर रॉड त्याने तसाच वापरला होता, आणि ओलाव्याने जोड आतून चिरतो. चीर त्याच वेळी पडली असणार. नंतर प्रत्येक ओझ्यागणिक ती सरकत राहिली आणि लवू तिच्या खालून बढाया मारत हिंडत राहिला.

तो तुकडा त्याने टेबलावर ठेवला. नवा वेल्डर आला की हातात द्यायचा आणि सांगायचा, हा माझा.

पुढच्या दसऱ्याला क्रेनचा नवा जोड पांढरा झाला, ताटात शेंदूर कालवला, माणसं हात जोडून उभी राहिली. बबनने टिळ्याचं बोट मागे घेतलं.

"लवूदादा, आधी तू बघून घे. मग देवाचं करतो."

लवू भिंग घेऊन शिडी चढला. आरती तेवढा वेळ थांबली.