शेवटचा माणूस घरी येईपर्यंत

खरं सांगायचं तर देवाधर्माच्या बाबतीत मी अगदी कोरडा माणूस होतो. नास्तिक म्हणण्याइतका विचारही मी कधी केला नव्हता. माझा विश्वास होता तो विमानातल्या समोरच्या तबकड्यांवर. उंची किती, वेग किती, विमान सरळ आहे की कललंय, हे सगळं काटे सांगतात आणि ढगात शिरल्यावर त्यांचंच ऐकायचं असतं. तिथं आपलं शरीर धडधडीत खोटं बोलतं. विमान डावीकडे वळत असतं आणि आपल्याला वाटतं, सरळच तर चाललोय. त्यामुळे बायकोनं देवीचा अंगारा खिशात घातला, की मी म्हणायचो, "अगं, याचं वजन धरून पेट्रोल भरायला हवं मला." ती रागावायची नाही. "राहू दे खिशात, तुमचं काय जातंय?" एवढंच म्हणायची.

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. वाशी तेव्हा नवी नवी वसत होती. इमारती थोड्या, मोकळी जमीन फार, आणि संध्याकाळी बेडकांचा एवढा कालवा की रेडिओ मोठा करावा लागे. मी एका खासगी कंपनीत पायलट होतो. दोन इंजिनांचं सहा आसनी छोटं विमान, आणि कारखानदारांची ने-आण करणं हे काम. आमच्या गॅलरीतून खाडी दिसायची आणि खाडीच्या काठावरचा कोळीवाडाही. कोळीवाड्याच्या टोकाला गावदेवीचं छोटं देऊळ आणि त्याला लागून भिंतींविना उघडी अशी पत्र्याची शेड होती. पावसाळ्यात खाडीत गेलेल्या होड्या वेळेवर परतल्या नाहीत, की त्या शेडमध्ये अर्ध्या कापलेल्या पिंपात आग पेटायची. जुनी टायरं, डांबर लावलेल्या होडीच्या फळ्या, असं काहीबाही त्यात जाळायचे. सुमन, म्हणजे माझी बायको, मला गॅलरीत बोलावून दाखवायची. "बघा, कुणीतरी यायचं राहिलंय." मी बघायचो आणि चहा प्यायचो. आपला काय संबंध?

श्रावणातली ती संध्याकाळ होती. पुण्याहून परत यायचं होतं. वाशीजवळच्या पावणे गावात ज्यांचा कारखाना होता असे एक शेठ एकटेच प्रवासी होते. मुंबईत पाऊस उघडलाय असा निरोप मिळाला म्हणून निघालो. घाट ओलांडला आणि पाहतो तर उघडीप कुठली, सगळं काळं! पाऊस समोरच्या काचेवर असा येत होता, जणू कुणी बादलीनं मारतोय. विमान एकदम खाली जायचं आणि लगेच खालून धक्का बसून वर. शेठ मागून ओरडले, "साहेब, काय टेन्शन नाय ना?" मी म्हटलं, "पट्टा आवळा आणि गप्प बसा." उद्धट बोललो, पण माझीच पाचावर धारण बसली होती.

सांताक्रूझच्या टॉवरनं सांगितलं, धावपट्टी दिसत नाही, बंदराच्या पाण्यावर थांबून राहा. म्हणजे तिथं वर्तुळं घेत बसायचं. मी घेऊ लागलो. थोड्या वेळानं रेडिओत नुसती खरखर उरली. दिशा दाखवणारा जो काटा असतो, तो विजेच्या कडकडाटात वेडावतो. जिकडे वीज चमकेल तिकडे वळतो. माझा काटा गरगर फिरत होता. ज्याच्यावर आयुष्यभर भरवसा ठेवला तोच ऐन वेळी भ्रमिष्ट झाला. मागे घाट ढगांनी बंद, आणि पेट्रोल पुण्याला परत जाण्याइतकं नव्हतं. मी मनाशी हिशेब केला, की आपण बंदरावरच आहोत, खाली नुसतं पाणी आहे, तेव्हा फिरत फिरत खाली उतरावं, पाणी दिसलं की ढगाखालून वाट काढावी. हिशेब चोख होता. फक्त एक गोष्ट मी त्यात नीट धरली नव्हती. नैऋत्येचा वारा मला प्रत्येक फेरीला थोडा थोडा डोंगरांकडे ढकलत होता.

उतरताना हादरे एवढे वाढले की मी दोन्ही हातांनी विमानाचं सुकाणू दाबून धरलं. माझे उस्ताद शिकवताना नेहमी म्हणायचे, "मूठ सैल कर रे, त्याला झुलू दे. वाऱ्याशी भांडलास तर पंख मोडशील." हे सगळं मला पाठ होतं, इतरांना मी शिकवलंही होतं, पण त्या क्षणी मूठ काही केल्या सुटेना. बोटं पांढरी पडली होती. शेठ मागे रडत रडत त्यांच्या देवाचं नाव घेत होते. मला घेण्यासारखं नाव नव्हतं. मग एकाएकी गॅलरीत उभी असलेली सुमन डोळ्यांपुढे आली आणि तिच्या मागोमाग ते टोकाचं देऊळ. मी त्या देवीला मोठ्यानं म्हणालो, "बाई, मला काही कळेनासं झालंय. आता तूच बघ." बस, एवढंच. नवस नाही, काही नाही. ते म्हणताना माझी मूठ सुटली. विमान झुलू लागलं आणि खरंच, हादरे थोडे सोसवू लागले.

आणि तेव्हाच डाव्या हाताला, ढगाच्या एका फटीतून, खाली नारिंगी डाग दिसला. पहिल्यांदा वाटलं भास आहे. माझ्या हिशेबानं तिथं नुसता समुद्र असायला हवा होता. समुद्रात आग कशी लागेल? डाग विझला नाही. फट जरा रुंदावली आणि आगीच्या पलीकडे एका रांगेत दिवे दिसले. पूल! वाशीचा पूल! म्हणजे मी बंदरावर नव्हतोच. ती आग आमच्या कोळीवाड्यातली होती, आणि ती डाव्या हाताला असेल तर उजव्या हाताला, ढगात, पारसिकचा डोंगर होता. मी उजवीकडेच वळत होतो आणि खालीही उतरत होतो. आणखी थोडं वळलो असतो तर आज हे लिहायला कोणी नसतं.

मी इंजिनांना पूर्ण जोर दिला आणि आगीकडे वळलो. त्या देवळावरून इतक्या खालून गेलो की पिंपाच्या भोवती डोक्यावर इरली घेतलेल्या बायका दिसल्या. पुढे पुलाचे दिवे धरून खाडी ओलांडली. पलीकडे पावसाचा जोर कमी होता. रेडिओ पुन्हा बोलू लागला, धावपट्टीचे दिवे दिसले, उतरलो. शेठ खाली उतरून ओल्या डांबरावरच बसले आणि माझे पाय धरू लागले. मी त्यांना उठवत म्हटलं, "अहो, माझे नका धरू." कुणाचे धरायचे ते मला तेव्हा सांगता येईना. घरी पोचलो तेव्हा सुमननं दार उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि मला मिठी मारून रडली. तिनं गॅलरीतून विमानाच्या सगळ्या फेऱ्या ऐकल्या होत्या. मीही रडलो. लग्नानंतर तिनं मला रडताना पहिल्यांदाच पाहिलं असेल.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं नारळ घेऊन कोळीवाड्यात गेलो. आग कोणी पेटवली होती विचारलं तर सगळ्यांनी हिराबाईकडे बोट दाखवलं. आमच्या दारावर कोलंबी घेऊन यायची तीच ही म्हातारी. मी तिला म्हटलं, "मावशी, काल तुमच्या होड्या उशिरा आल्या म्हणून मी वाचलो." ती हातातल्या माशांच्या जाळ्यावरून मान वर न करता म्हणाली, "उशीर कुठं? आमच्या सगल्या होड्या कवाच आयल्या व्हत्या."

मी विचारलं, "मग आग का ठेवली?"

तिची सून हसत पुढे आली. "काका, आमी इझवायला गेलो तं ही आमच्यावर वरडली. घरातला रॉकेल सगला वतला तिनं. म्या बोल्ले, आये, सगले आयले गो, आता कोनासाठी जालतेस? तं आपली वर बोट दाखवते."

हिराबाईनं तेव्हा कुठं माझ्याकडे पाहिलं. "वर घुमत व्हता ना कोनतरी. एकदा गेला, परत आयला, परत गेला, परत आयला. वाट सापडत नसंल त्याशिवाय कोन असा घुमंल? आमचा रिवाज हाय बाबा. शेवटचा मानूस घरा येत नाय तवर देवीची आग इझवाची नाय."

"पण मावशी, मी काय होडीत होतो?"

"भायेर हाय तो भायेर. पान्यावर काय नि वर काय. देवी इचारते का?"

सुमननं पुढे होऊन तिच्या पायांवर डोकं ठेवलं. ती लाजली, "अगो, उठ, मासलीचे पाय हायत," म्हणाली. मग आम्ही देवळात गेलो. मी त्या शेंदूर लावलेल्या पाषाणापुढे उभा राहिलो आणि आयुष्यात पहिल्यांदा मनापासून हात जोडले. पावण्याच्या शेठनी नंतर तिथं पितळी घंटा बांधली.

मला कोणी विचारतं, हा चमत्कार की योगायोग? मला नाही ठाऊक. वारा होता, फट होती, एका म्हातारीचे कान तिखट होते. हे सगळं आपापल्या जागी खरं आहे. मी एवढंच जाणतो, की मी मूठ आवळून होतो तोवर मला काही दिसत नव्हतं. आणि ज्या वेळी मी म्हणालो, "तूच बघ", त्याच्या कितीतरी आधीपासून खाली कोणीतरी माझ्यासाठी आग धरून बसलं होतं. मागायच्या आधीच दिलेलं असतं, फक्त आपण वळून बघत नाही. त्यानंतरही मी पुष्कळ वर्षं विमान उडवलं. तबकड्यांवरचा विश्वास गेला नाही; पण अंगारा खिशात घालताना मी थट्टा करणं सोडलं, आणि सुमन कधी विसरली तर मीच मागून घेऊ लागलो.

हिराबाई आता नाही. शेड आहे, पिंपही आहे. पावसाळ्यात संध्याकाळी आग दिसली, की मी छत्री घेऊन जातो आणि जाताना घरातलं काहीतरी सुकं लाकूड नेतो. होड्या एकेक करून लागतात, बायका नावं घेऊन बघतात, सगळे आले याची खात्री होते. मग हिराबाईची सून मला विचारते, "काका, आता इझवू का?"

मी आधी वर कान देतो. मग हो म्हणतो.