जंगलात हरवलेला माणूस आणि आईचा नवा चष्मा

मंडळी, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर आईला आज नवा चष्मा मिळाला. पुन्हा वाचता येईल की नाही, याचा तिला घोर होता.

कोपरीला घरी येताच तिने जंगलात बेपत्ता झालेल्या शोधकांच्या सत्यकथांचं जुनं पुस्तक मागितलं. १९९० सालच्या सुमारास ती सुकट निवडायची आणि मी तिला ते वाचून दाखवायचे.

आज तिने बोट फिरवत पहिली गोष्ट स्वतः वाचली. त्यातला माणूस शेवटपर्यंत सापडत नाही.

मी म्हटलं, "बिचारा गेला."

"सापडला नाय म्हंजे मेला कसा गो? तुझा बापूस नाय का वादळात होडीसकट हरवलेला? आमी रडत बसलेलो, नि तो उरणला जेवत होता!"

आणि तिने पुढची गोष्ट उघडली.

आशा सोडायची आपल्याला जरा घाईच असते, नाही का?