धर्माचा रकाना

रविवारी सोलापूरला निघताना मी वडिलांना सांगायचो, ‘देवळात जाऊन येतो.’ ते खोटं नव्हतं. आम्ही ख्रिस्ती मंडळी उपासनेच्या जागेला देऊळच म्हणत असू. पोरगा तळ्यातल्या सिद्धेश्वराला नेमाने जातो, म्हणून वडील खूश. ते स्वतः गावच्या देवळाचे पुजारी. माझा दोन वर्षांपूर्वी बाप्तिस्मा झाल्याचं बाहेर फुटलं असतं, तर त्यांची पूजा गेली असती आणि माझी लोकल बोर्डाच्या शाळेतली मास्तरकी. एका शब्दाच्या आड लपून मी भक्ती चालवली होती, आणि वर स्वतःला हुशार समजत होतो.

गावातलं एकच माणूस हे जाणून होतं. महारवाड्यातली एक विधवा बाई सोलापूरच्या त्याच ख्रिस्ती देवळात यायची. दोन कोस पायी, उजळ माथ्याने. तिथे भेटली की ‘सलाम, मास्तर’ म्हणायची. गावात मात्र समोरून आली तरी ओळख द्यायची नाही. मी तिला तसं कधी सांगितलं नव्हतं. तिचं तिनेच ओळखलं होतं.

शिरगणती आली आणि अर्थातच मास्तराच्या गळ्यात पडली. मी भरलेले कागद तपासायला मामलेदार चावडीत येऊन बसले. त्या बाईचा धर्माचा रकाना मी कोराच ठेवला होता. पाटलांनी तिला बोलावून घेतलं.

“हिंदू लिवा मास्तर,” पाटील म्हणाले. “आन् बाई, तू किरिस्ताव म्हणलीस तर नवऱ्याचा वतनाचा तुकडा तुज्याकडं ऱ्हायचा न्हाय. आदीच सांगून ठिवतो.”

“नीट विचार करून बोल,” मामलेदारांनीही दम भरला.

तिचं पोट त्या तुकड्यावर होतं. तिने माझ्याकडे न बघता सांगितलं, “ख्रिस्ती लिवा.”

“बाटल्याली म्हण की,” पाटील हसले.

“बाटल्यालं म्हंजे नासल्यालं, पाटील. मी नासले न्हाय.”

पाटलांचं हसू गेलं. ते माझ्याकडे वळले. “मास्तर, तुमी देवळातल्या घरचं. समजावा की हिला.”

आणि मी समजावलं! मी म्हणालो, “बाई, कागदावर काय लिहिलं त्याने काय बिघडतंय? मनात आहे ते असू द्या की.” दोन वर्षं स्वतःला पाजलेलं पाणी मी तिला पाजायला निघालो होतो. आजही ते वाक्य आठवलं की अंगाची लाही होते.

मामलेदारांनी तिला विचारलं, “या गावातलं आणखी कोण जातं तिकडे?”

टाकातली शाई टपकन कागदावर पडली. तिने नुसतं एक बोट उचललं असतं, तर मी तिथेच संपलो असतो.

“ज्याचं त्यानं सांगावं, सायेब,” ती म्हणाली. “मी माजं सांगितलं.”

मामलेदार चावडीतल्या एकेकाकडे बघू लागले. दोनच शब्द बोलायचे होते मला, ‘मीही जातो.’ इतकी मोकळी जागा मला पुन्हा कुणी करून दिली नाही. मी शाई टिपली, तिच्या नावापुढे ‘ख्रिस्ती’ लिहिलं आणि पुढचा कागद ओढला. आमच्या घराचा कागद मी आदल्याच दिवशी भरून टाकला होता. सगळे हिंदू, वळणदार अक्षरात.

महिन्याभरात जमीन तिच्या दिराकडे गेली. ती सोलापुरात कुणाच्या तरी मागावर कांड्या भरायला लागली.

त्यानंतरच्या एका रविवारी पाळकांनी उपासनेत तिची गोष्ट सांगितली. “आपल्या बहिणीने पाटील-मामलेदारांसमोर साक्ष दिली,” ते म्हणाले, “आणि आपल्या मास्तरांनी ती न भिता लिहून घेतली.” सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. बायकांच्या बाजूला ती बसली होती. तिने तेवढी वळवली नाही.

उठून खरं काय ते सांगायला हवं होतं. मी मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला. शेजारच्या म्हाताऱ्याने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि मोठ्याने ‘आमेन’ म्हटलं.